जुवाखालची मान

त्या मुलखाच्या मधोमध एक डोंगर आडवा पडला होता आणि तो ओलांडायला सहसा कोणी धजत नसे. पलीकडची जमीन सपाट होती. एका गावचं बी दुसऱ्या गावात रुजे, त्याच्या पुढच्या गावातही रुजे. डोंगराच्या अलीकडे मात्र नदी कड्यांवरून उतरत खाली गेलेली. वरच्या वळणावर थंडी, खालच्या वळणावर चिखल आणि उकाडा. इथलं बी तिथे कुजे. म्हणून अलीकडची माणसं कंदमुळं संपली की उठत आणि पुढच्या वळणावर जात. ज्याला चालवत नसे त्याला झाडाखाली बसवत, जवळ पाणी ठेवत आणि मागे न बघता निघत. तशी रीतच होती.

त्या वर्षी हिरकीच्या बापाचे, गोमाचे, गुडघे गेले.

त्याच सुमारास डोंगर ओलांडून एक मीठवाला आला. म्हणाला, "पलीकडं कुणी उठून जात नाही. मानेवर जू ठेवलं की जनावर पुढं चालतं, मागं लाकूड जमीन फाडतं. म्हातारी माणसं दारात बसून दाणे खातात."

कोणतं जनावर, हे कोणी विचारलं नाही. अलीकडच्यांना मोठं जनावर म्हणजे रानातला रोहीच, नीलगाईच्या जातीचा, ठाऊक होता.

हिरकीचं तान्हं नुकतंच गेलं होतं. तिने रानातून रोह्याचं पोरकं पिल्लू आणलं आणि त्याला छातीशी धरलं.

बायका हसल्या. "काय गं हिरके, बारशाला कधी बोलावतेस?"

"बारसं झालं. भुऱ्या नाव ठेवलंय."

त्या मुलखात ज्याचं दूध प्यावं त्याची बोली जनावराला येई. भुऱ्या हिरकीला आई म्हणू लागला, गोमाच्या पायाशी झोपू लागला. तो अंगाने भरला तोवर कंद संपत आले होते.

"पोरी, झाड तेवढं दाट सावलीचं बघ हां," गोमा म्हणाला.

"गप बसा, बा. भुऱ्या चालणार आहे."

तिने ऐकीव माहितीवर जू आणि मागचं लाकूड घडवलं. सगळी वस्ती बघायला जमली. भुऱ्या थरथरत होता.

"आई, मला चालायचंय गं. पण मागं काही खरडलं की पाय माझे राहत नाहीत."

"डोळे मीट. मी आहे."

त्याने डोळे मिटले आणि तो चालला. मागे माती उलटली. गोमाला राहवलं नाही. त्याने टाळी वाजवली, "चालला! माझा नातू चालला!"

टाळीसरशी भुऱ्या उधळला. जू खडकात अडकलं आणि त्याची मान मोडली.

"तुझ्या दुधातच खोट," म्हाताऱ्या म्हणाल्या. हिरकीलाही ते पटलं.

वस्ती उठली. हिरकीने गोमाला झाडाखाली बसवलं, पाणी ठेवलं आणि थोडं गेल्यावर रीत मोडून मागे पाहिलं. आपला चेहरा तिला दिसू नये म्हणून गोमा तोंड फिरवून बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

पुढे हिरकीचे केस पिकले. पलीकडच्यांना डोंगरातून वाट सापडली. त्यांनी आपली जनावरं आणली आणि नदीकाठ धरला. एकदा हिरकी बांधावर कंद उकरत असताना त्यांच्यातला एक नांगऱ्या तिला म्हणाला,

"एवढी माती, एवढं पाणी, आणि तुम्ही रानोमाळ हिंडता. अंगातच आळस तुमच्या! बरं, ये इकडं. मी दोर सोडवतो, तोवर जू उचलून धर."

"मला नाही जमत. माझ्या हाताला यश नाही."

"त्यात काय जमायचंय? आमचं शेंबडं पोरगंही जुंपतं."

हिरकीने जू उचललं. समोर बैल उभा होता. असं जनावर तिने जवळून कधी पाहिलं नव्हतं. जू हवेतच धरून ती उभी राहिली.

बैलाने रवंथ न थांबवता एक पाऊल पुढे टाकलं आणि आपली मान आपणच तिच्या हातांखाली आणून ठेवली.