बेडकाचा दुसरा वार

दोष वानराचा, घोरपडीचा आणि कासवाचा होता. मुलांनो, गोष्ट ऐकण्याआधीच हे ध्यानात ठेवा, कारण त्या जंगलात आजही सगळे दोष बेडकालाच देतात. चूक मोठ्यांनी केली की ती फिरून फिरून लहानाच्या डोक्यावर येऊन बसते.

त्या जंगलात टेकडीच्या पायथ्याला एक डोह होता आणि डोहात एक तरुण बेडूक राहत असे. त्याची धाकटी भावंडंही तिथेच होती. नुसती शेपटीवाली, अजून पाय न फुटलेली. त्यांना पाण्याबाहेर पडता येत नव्हतं. वानराला तहान लागली तर तो झाडांवरून उड्या मारत दूरच्या ओढ्यावर जाई. घोरपडीचं दवावर भागे. कासव तर घर पाठीवर घेऊनच हिंडे. डोह गेला तर खरा घात होणार होता तो बेडकाच्या घरचा, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दर उन्हाळ्यात टेकडीपलीकडची रानडुकरं डोहावर हक्क सांगत. त्यांना लोळायला चिखल हवा असे. पूर्वी त्यावरून रक्त सांडे. मग दोन्ही रानांनी मिळून एक रीत पाडली. भांडण कातळावर बसून खेळायचं. प्रत्येक बाजूने एक खेळाडू द्यायचा. खेळाडूने आपल्या मनाने एक वीर रचायचा, त्याला नाव द्यायचं, शस्त्र द्यायचं, एखादं कसब द्यायचं. मग फोडलेले चिंचोके फाशांसारखे टाकायचे. पांढऱ्या बाजू जास्त पडल्या तर वीराचा वार लागला, नाहीतर हुकला. ज्याचा वीर पडला, त्याचा डोहावरचा हक्क गेला. खेळ चालवायला एक म्हातारं गिधाड होतं. त्याला कोणाचंच पाणी नको होतं, म्हणून त्याचा शब्द सगळे मानत.

वर्षभर सरावाच्या मोहिमा चालत. एक मोहीम पार पडली की वीराला एक पायरी मिळे. ती आपल्या जुन्याच कसबावर चढवता येई, नाहीतर तिच्यावर नवं कसब सुरू करता येई. पण नवं कसब म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीपासून. आधीची उंची तिथे कामाची नाही. या रानाकडून बेडूक खेळायचा. त्याचा वीर तलवारबाज होता, अंगात लोखंडी चिलखत घालणारा, आणि तो चौथ्या पायरीवर पोचला होता. शस्त्र कुठलंही असो, त्याच्या पाचव्या पायरीवर दुसरा वार मिळतो, म्हणजे एकाच डावात दोनदा मारायची मुभा. बेडूक त्या एका गोष्टीसाठी झुरत होता. पायरी कुठे चढवायची हे खेळाडूने ठरवायचं, असा नियम होता. ते वडीलधाऱ्यांना विचारून ठरवायचं, अशी रीत होती. नियम गिधाडाने केला होता. रीत वडीलधाऱ्यांनी.

हिवाळ्यात पायरी मिळाली तेव्हा बेडूक टुणटुण उड्या मारत कातळावर आला. वानर तिथे आधीच येऊन बसला होता.

"नुसती तलवार काय चाटायची आहे?" वानर म्हणाला. "तुझ्या वीराला मंत्र शिकव. आमच्या काळी मंत्रवाल्याला मान असायचा."

"आजोबा, या पायरीला दुसरा वार मिळतो. आणि चिलखत घालून मंत्र चालत नाहीत."

"ते बघू तेव्हाचं तेव्हा. एकच पायरी मागतोय. दुसरा वार काय पळून जातोय?"

वानराला स्वतःला तरुणपणी मंत्रवाला वीर करायचा होता आणि ते त्याला जमलं नव्हतं. हे सगळ्या जंगलाला माहीत होतं, पण तोंडावर कोण बोलणार? बेडकाने मान डोलवली.

पुढच्या मोहिमेनंतर घोरपड कपारीतून डोकं काढून म्हणाली, "समोरासमोर लढायचं म्हणजे निव्वळ वेडेपणा. वीराला लपायला शिकव, मागून मारायला शिकव. मी जन्मभर फटीत काढला, माझं काही बिघडलं?"

"मावशी, पुढच्या खेपेला नक्की. या खेपेला माझं..."

"वानराने सांगितलेलं ऐकलंस. मी सांगितलं की कचरा, होय ना? बरोबर आहे बाबा. आम्ही कोण."

बेडकाने ती पायरीही देऊन टाकली. त्या दिवशी डोहात उतरल्यावर भावंडं त्याच्याभोवती गोळा झाली.

"दादा, मिळाला दुसरा वार?"

"पुढच्या वेळी."

"मागच्या वेळी पण तू पुढच्या वेळी म्हणाला होतास."

बेडूक खाली गाळात जाऊन बसला.

उन्हाळा तोंडावर आला. सामन्याआधीची शेवटची पायरी मिळाली. आता कोणी काही म्हणो, ही तलवारीलाच, असं बेडूक वाटभर स्वतःशी घोकत आला. कातळापाशी कासव त्याची वाट पाहत होतं. कासव ओरडणारं नव्हतं. ते फार मायेने बोलायचं, आणि तेच जास्त वाईट.

"बाळा, वैद्यकीची एक पायरी घेऊन ठेव. जखमा बांधता आल्या म्हणजे झालं. हाताशी काहीतरी असावं, उद्या तलवार गेली तर?"

"काका, तलवार कशी जाईल?"

"कशीही जाते. आम्ही पाहिलंय. तुझ्या काळजीनेच सांगतोय ना मी?"

बेडकाला नाही म्हणायचं होतं. पण तो "बरं" म्हणाला. गिधाडाने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं.

"हे तुझं तू ठरवलंस?"

"हो," बेडूक म्हणाला. आपण खोटं बोलतोय हे त्याला कळत होतं. पुढे कित्येक दिवस त्याला आठवत राहिला तो हाच एक शब्द.

सामन्याच्या दिवशी दोन्ही रानं कातळाभोवती जमली. समोर एक जाडजूड रानडुक्कर बसलं होतं. त्याचा वीर अगदीच साधा, हातात कुऱ्हाड आणि सगळ्या पायऱ्या त्या कुऱ्हाडीतच घातलेल्या.

बेडूक मात्र खेळाडू होता अस्सल. त्याने चिंचोके असे टाकले की सगळे पांढरे पडले. त्याच्या तलवारीने रानडुकराचा वीर गुडघ्यावर आला.  आता फक्त एक वार हवा होता.

"दुसरा वार?" बेडकाने हळूच विचारलं.

"तलवारीची कितवी पायरी?" गिधाड म्हणालं.

"चौथी."

"मग नाही."

"अरे, मंत्र मार," वानर मागून म्हणाला.

"चिलखतात मंत्र चालत नाही," गिधाड म्हणालं.

"मग काढ की ते चिलखत."

"काढण्यात एक अख्खा डाव जातो, आजोबा," बेडूक म्हणाला. "चिलखतात मंत्र चालत नाहीत हे तेव्हाही सांगितलं होतं मी."

"मग लप कुठेतरी," घोरपड पुटपुटली. पण खेळातली लढाई उघड्या माळावर चालली होती. तिथे लपायला गवताची काडी नव्हती.

रानडुकराचा डाव आला. त्याने चिंचोके टाकले आणि पहिला वार लागला. त्याने पुन्हा टाकले. कुऱ्हाडीची पाचवी पायरी त्याने कधीच ओलांडली होती, तेव्हा दुसरा वार त्याला होता. तोही लागला आणि बेडकाचा वीर पडला. वैद्यकीची एक पायरी ओरखड्यावर पाला बांधण्यापुरती. मेलेल्या वीराला तिचा काय उपयोग?

"डोह रानडुकरांचा," गिधाड म्हणालं आणि उडून गेलं.

बेडूक कातळावरच बसून राहिला. त्याने तिघांकडे पाहिलं.

"आम्ही सांगितलं म्हणून लगेच ऐकायचं?" वानर म्हणाला. "तुला स्वतःचं डोकं नाही?"

"हल्लीच्या पोरांना एका गोष्टीला चिकटून राहता येत नाही," घोरपड म्हणाली.

 कासवाने मान कवचात ओढून घेतली. मग वानर ओढ्याच्या दिशेने झाडावर चढला, घोरपड कपारीत शिरली आणि कासव चालू लागलं.

रानडुकरांनी ऊन उतरायचीही वाट पाहिली नाही. कळपच्या कळप डोहात उतरला आणि लोळू लागला. पाण्याचा चिखल झाला. बेडूक काठावरून हाका मारत राहिला, पण ज्यांना हाका मारायच्या त्यांना पाय नव्हते. त्याचं एकही भावंड वाचलं नाही.

तात्पर्य : हरल्यावर सल्ला देणारे आपापल्या घरी जातात; ज्याचं घर बुडणार आहे, त्याने मोठ्यांना वेळेवर नाही म्हणावं.