उन्हाच्या चौकातला तरवड

एका राज्यात उन्हाचा चौक होता. सूर्य उगवला की तिथं ठाण मांडायचा, तो मावळेपर्यंत हलायचा नाही. त्या चौकात राणी उभी होती, दगडाची. यज्ञाचं आमंत्रण चुकलं म्हणून रुसलेल्या मांत्रिकानं तिला शापलं होतं, "वैशाखात या चौकात फूल उमललं, तर ही जागी होईल. मुदत बारा वैशाखांची. मग ही कायमची शिळा."

अकरा वैशाख कोरडे गेले. कोरडे कसले, ओलेचिंब गेले! राजा धवलसेन रोज मोगऱ्याला घागर घाली. राजानं घातली म्हणून प्रधान घाली, प्रधानानं घातली म्हणून सेनापती घाली. मुळं कुजत, रोपं मरत आणि दरबार म्हणे, "पाणी कमी पडलं."

राजकन्या भिवरा सोळा वर्षांची झाली होती. आईचा आवाज तिला आठवत नव्हता.

"बाबा, झाडं तहानेनं नाही, तुमच्या मायेनं मरतात!"

प्रधान म्हणाले, "राजकन्ये, आमचे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत."

"दिसतंच आहे. उन्हात उभे कधी राहिलात?"

ती तडक बरड माळावर गेली. तिथं तापल्या गोट्यांत टिटवी अंड्यांवर बसली होती.

"टिटवीबाई, इथं काय फुलतं?"

"तरवड, रुई, कण्हेर," टिटवी म्हणाली. "पण कामं तीन. चौकातली चिकण माती उपस, मुरूम भर. पावसाळ्याच्या तोंडावर रोपं लाव, मुळं धरेपर्यंत पाणी दे, मग हात आखडत जा. तिसरं काम अवघड. वैशाखात थेंबही घालू नकोस. पाणी मिळालं की झाड पानांत रमतं, फुलायचं विसरतं."

"यात अवघड ते काय?"

टिटवी हसली. पक्षी हसतात.

भिवरानं टिटवीचं बोलणं राजाला सांगून सगळ्यांच्या घागरी थांबवल्या. मग माती उपसली, मुरूम भरला. आषाढात रोपं लावली, दिवाळीपर्यंत जपली, मग हात आखडला. झुडपं कमरेला लागली. बारावा वैशाख उजाडला. एक पंधरवडा गेला, दुसराही सरत आला. कळ्या धरल्या, पण उमलेनात. शेवटच्या दिवशी, भर दुपारी, तरवडानं माना टाकल्या.

भिवरानं धावत जाऊन घागर उचलली. कुणीतरी तिचं मनगट धरलं. राजा होता.

"टिटवीनं काय सांगितलं होतं?"

"पण ती मरताहेत, बाबा!"

"अकरा वर्षं मी हेच म्हणत आलो, पोरी."

घागर खाली ठेवली गेली. दोघं तापल्या फरशीवर बसून राहिली. ऊन कललं, तशी एकेक डहाळी सावरली. आणि सूर्य बुडायला हातभर उरला असताना तरवडाची एक कळी उमलली, पिवळीजर्द. मागोमाग कण्हेर, मागोमाग रुई.

दगडाला ऊब आली. राणीनं पापण्या उघडल्या, समोरच्या उंच मुलीला ओळखलं आणि म्हणाली,

"अगं, तोंड किती रापलंय! चल, सावलीला बस."

आजवर थोरांना उलटून बोलणारी भिवरा मुकाट्यानं उठली आणि सावलीला जाऊन बसली.

राज्याची घडी बसली, तशी सगळ्यांची बसो.