चौथ्या दुर्बिणीची जागा

एकदा एका पठारावरील वेधशाळेत पुढच्या वीस वर्षांच्या संशोधनाची आखणी चालली होती. तिथला विषय गॅमा किरणांचा. आकाशातून येणारे हे किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. हवेत शिरताच निळसर उजेडाची क्षणमात्र चमक उमटवून संपतात. त्यातही हजार चमकांमागे खऱ्या गॅमा किरणाची एखादीच, बाकीच्या भलत्याच कणांच्या. त्यामुळे वेचणे आणि टाकून देणे हाच तिथला नित्यधर्म झाला होता.

आराखडा एका शिष्येने लिहिला होता. त्यात चार दुर्बिणी होत्या आणि चौथी तिची स्वतःची होती. सात वर्षे खपून तिने तिची रचना केली होती. वृद्ध आचार्यांनी आराखडा शेवटपर्यंत वाचला, चौथी दुर्बीण खोडली आणि तिच्या जागी लिहिले, 'टाकाऊ नोंदी जपण्यासाठी कोठार.'

शिष्येचा चेहरा पडला. "सर, चौथी नसेल तर या किरणांचे अंधूक उगम दिसणारच नाहीत. आणि तिच्या जागी काय, तर कचरा?" राग तिला लपवता आला नाही, आणि का लपवावा?

"बस जरा," आचार्य म्हणाले. "तुझ्या वयाचा असताना मीही असाच आराखडा केला होता. गाळलेल्या नोंदी पुसून टाकायच्या, हा नियम माझाच. सगळ्यांनी पाठ थोपटली. अकरा वर्षांनी परदेशातून पत्र आलं. अमुक रात्री एका ताऱ्याचा स्फोट झाला होता, त्याच्या चमका नेहमीसारख्या नसाव्यात, तुमच्याकडे काही नोंद आहे का? त्या रात्री आपली दुर्बीण नेमकी तिकडेच रोखलेली होती."

"मग? काय होतं त्या नोंदीत?"

"तेच आता कुणालाही सांगता येणार नाही. दुर्बीण आणि कोठार, दोन्हींना पैसा पुरणार नाही. पण दुर्बीण मागाहून बांधता येईल गं. तो तारा पुन्हा फुटणार नाही. वीस वर्षांनी इथे बसणारा काय विचारेल, ते आपल्याला ठाऊक नाही. निदान त्याचं उत्तर तरी आपण पुसू नये."

चौथ्या दुर्बिणीचे दुःख एका बोधाने सरणारे नव्हते, आणि ते सरलेही नाही. मग शिष्येने आराखडा पुढे ओढला, 'टाकाऊ' एवढाच शब्द खोडला आणि वर लिहिले, 'अजून न ओळखलेल्या'.

आचार्यांनी ते वाचले आणि खाली सही केली.