अक्षरं सुजली तेव्हा

तेरवडे नावाच्या गावात बळवंत पांचाळ नावाचा एक पाट्या कोरणारा राहत असे. हाताने कोरता कोरता त्याने लाकूड कोरणारं यंत्र घेतलं आणि त्याच्या जोडीला लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर चालणारा एक लॅपटॉप. शेजारच्या गावच्या अनसूयाताई लोटलीकर त्याला अक्षरं काढून पाठवत. बळवंत ती पडद्यावर पाहून यंत्राकडे सोडत असे. अकरा वर्षं दोघांचं काम असं चाललं होतं. ताईंचं अक्षर म्हणजे मोत्याचा सर, असं बळवंतच सगळ्यांना सांगायचा.

एका सोमवारी लॅपटॉपने विचारलं, ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर आला आहे, बसवू का? ड्रायव्हर म्हणजे पडद्यावर चित्र कसं उमटवायचं ते सांगणारा प्रोग्राम. नवं ते चांगलंच असणार, म्हणून बळवंतने होकार दिला. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तेव्हा सगळं थोडं मोठं आणि पसरट दिसू लागलं. ‘नवी पद्धत असेल,’ असं म्हणून तो चहाला गेला.

दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेच्या पाटीचं चित्र आलं. शाळेला पन्नास वर्षं होत होती आणि रविवारी पाटी लागायची होती. बळवंतने चित्र उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. अक्षरं जाडीभरडी. वर शाळेच्या चिन्हातला सूर्य आडवा, चेपलेला. त्याने लगेच फोन लावला.

“ताई, अक्षरं सुजल्यासारखी दिसतायत. हात थरथरायला लागला का?”

ताईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मला तर नीट वाटली होती. पण वय झालंय, बळवंता. थरथरत असेल. यापुढे दुसरं कोणी बघ.”

बळवंतलाही वाईट वाटलं, पण आपलं काही चुकलं असेल हे त्याच्या मनात आलं नाही. चहाच्या टपरीवर तो चार माणसांत बोलून गेला, “ताईंचा हात गेला आता.” मग दुकानात येऊन त्याने अक्षरं दोन्ही बाजूंनी दाबून बारीक केली, सूर्य डोळ्यांना गोल दिसेपर्यंत चेपला आणि यंत्र सुरू केलं.

गुरुवारी मुख्याध्यापिका शमीमबाई मुल्ला पाटी पाहायला आल्या. अक्षरं महिनाभर उपाशी असल्यासारखी उभी होती. बाईंनी सूर्यावरून बोट फिरवलं.

“पांचाळ, आमच्या शाळेच्या सूर्याचं अंडं कधी झालं?”

बळवंतने पाटीकडे पाहिलं. सूर्य खरोखरच उभा, लांबट होता.

“चूक कोणाची, तुमची की लोटलीकरबाईंची?”

‘ताईंनी तसंच पाठवलं’ हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. ताई समोर नव्हत्या, बाईंनीही ते खरं मानलं असतं. पण अक्षरं त्याने स्वतःच्या हाताने दाबली होती.

“माझीच दिसते,” तो म्हणाला. “कुठे चुकलं ते शोधतो. रविवारपर्यंत दुसरी पाटी देतो.”

बाई गेल्यावर त्याने पडद्यावर एक नवं वर्तुळ काढलं आणि त्यावर फूटपट्टी धरली. आडवं मोजलं तर जास्त, उभं मोजलं तर कमी. ताईंचा हात कशाला थरथरेल? त्याचा पडदाच सगळं ताणून दाखवत होता. सोमवारचा नवा ड्रायव्हर त्या लॅपटॉपला मानवला नव्हता. फोनवर शोधलं, तर तशी तक्रार पुष्कळांची होती आणि उपायही लिहिलेला होता. त्याने नवा ड्रायव्हर काढून जुना बसवला. मग ताईंचं मूळ चित्र पुन्हा उघडलं. अक्षरं मोत्यासारखी, सूर्य थाळीसारखा गोल. बळवंत खुर्चीत मान खाली घालून बसला.

फोन न करता तो सायकल काढून थेट ताईंच्या घरी गेला. दारातच त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

ताई ऐकून घेत होत्या. मग त्यांना हसू फुटलं. “अरे, मी काल डॉक्टरांना हात दाखवून आले. ते म्हणाले, या हाताने अजून वीस वर्षं पुऱ्या लाटाल. म्हणजे सूज तुझ्या पडद्याला होती तर.”

“हो, ताई. माफ करा.”

“केलं. पण टपरीवर जे बोललास ते माझ्या कानावर आलंय. तेही निस्तर.”

ते सगळ्यांत अवघड होतं. तरी शुक्रवारी सकाळी, टपरी भरलेली असताना, बळवंत उभा राहून म्हणाला, “ताईंचा हात शाबूत आहे. बिघाड माझ्या लॅपटॉपमध्ये होता, आणि न तपासता मी त्यांना बोल लावला.” लोक हसले. टपरीवाला म्हणाला, “बस आता, चहा निवतोय.”

रविवारी नवी पाटी लागली. पाटीवरचा पडदा सारायचा मान शमीमबाईंनी अनसूयाताईंना दिला. सूर्य गोल होता, आणि खाली उभी असलेली पहिलीची मुलं त्यांच्या आयुष्यातलं पहिलं मोठं वाक्य एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचत होती.

तात्पर्य: दुसऱ्याचं काम एकाएकी वाकडं दिसू लागलं, तर आधी आपलं साधन तपासावं, आणि दोष चारचौघांत दिला असेल, तर तो परतही चारचौघांतच घ्यावा.