घाटातली गांधीलमाश्यांची फौज

भाविकहो, त्या काळी संदेष्टे अमर्या महाराज एफ्राइमच्या डोंगरातल्या बेथ-तमार नावाच्या लहानशा गावी राहत होते. त्याच गावात मिल्का नावाची विधवा मडकी घडवून पोट भरी. हात चिखलात आणि तोंडी परमेश्वराचे आभार, असा तिचा दिवस जाई. आवाज मात्र अगदी फाटका! गावच्या शिपायांचा नायक अबीदान येता-जाता म्हणे, "मिल्के, पुरे कर. देवालाही कान आहेत!" लोक हसत. तीही हसे आणि पुढचे कडवे धरी.

एके दिवशी टेहळ्या धापा टाकत आला. सपाटीवरच्या राजाचे लोखंडी रथ घाटात शिरले होते, आणि गावात भाले होते जेमतेम तीस! सगळे महाराजांकडे धावले.

महाराज म्हणाले, "मिल्काबाई आभाराचं गाणं गात पुढे चालतील. तुम्ही मागून या."

"हिच्या गाण्यानं रथ पळणार?" अबीदान उसळला. "आणि आभार कसले? अजून मिळालंय काय?"

"ज्यानं आजवर सांभाळलं, त्याचे."

मिल्का म्हणाली, "महाराज, भीती वाटते हो."

"वाटू दे, बाई. भीत भीतच गा. ऐकणारा जवळच आहे."

ती घाटात उतरली; मागून महाराज आणि अबीदानाचे शिपाई निघाले. खालून चाकांचा खडखडाट येत होता. गाणे सुरूच होईना. मग तिला नवरा गेला ते दुष्काळी वर्ष आठवले. त्या वर्षीही ती एकही दिवस उपाशी निजली नव्हती. डोळे भरून आले आणि गाणे आपोआप ओठी आले.

तोच कड्याच्या कपारींतून घों घों आवाज उठला. गांधीलमाश्यांचे काळे ढगच्या ढग बाहेर पडले! मिल्काच्या डोक्यावरून गेले, तिला एकही माशी डसली नाही. घोडे मात्र पिसाळले. चाकात चाक अडकले, रथ उलटले, सैनिक ढाली टाकून सपाटीकडे पळत सुटले. गावचा एकही भाला उचलावा लागला नाही. केवढी ही परमेश्वराची दया!

अबीदानाने महाराजांचे पाय धरले. महाराजांनी त्याला उठवले. "मी कोण? त्याच्यापुढे वाक."

मिल्का तिथेच धुळीत गुडघे टेकून बसली होती. अबीदान तिच्याशेजारी बसला. "मावशी, चुकलो मी. मला आभार मानता येत नाहीत. कसे मानतात?"

"आठवेल ते बोल, बाबा."

त्याने हात जोडले. मग म्हणाला, "परमेश्वरा, माझ्या घरची माणसं आज जिवंत आहेत." त्याने कपाळ जमिनीला टेकले.