बैठकीचा कडा

सांभाळून उभे राहा, पावणं. कडेचा खडक गुळगुळीत आहे, पाय सरकतो. याला बैठकीचा कडा म्हणतात. हे ओळीने खळगे दिसतात ना, ते पावसाने पडलेले नाहीत. माणसे बसून बसून ते पडलेत, असे सांगतात.

फार पूर्वी आमच्या वाघवणीत एक रीत होती म्हणे. ज्याला गवताचा भारा घेऊन ही खिंड चढवत नाही, त्याला त्याच्या मुलाने पाठीवर आणून इथे बसवायचे. शेजारी तीन भाकरी ठेवायच्या आणि मागे न बघता उतरायचे. याला कोणी वाईट म्हणत नसे. उलट खिंडीपलीकडच्या तळकोंडाला लोक नावे ठेवत. तळे आटू नये म्हणून तिथे दरसाल एक तान्हे मूल तळ्याला देत. "माणसं न्हाईत ती, सुसरी हायेत," असे आमच्या बाया म्हणत.

त्या तळकोंडची येसू आमच्याकडे सून होऊन आली. तिचा सासरा हिरोजी. एका मार्गशीर्षात तो भाऱ्यासकट खिंडीत बसला, तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी मुलाने त्याला कड्यावर आणले, भाकरी ठेवल्या आणि खाली मान घालून निघून गेला. येसू लपून मागे आली होती. ती पुढे झाली.

"मामंजी, तुमाला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की. पण मी माझ्या बाला हितंच बसवला, पोरी. मी खाली उतरताना त्यानं दोन हाका मारल्या. मी म्हटलं, वारा असंल."

येसूने त्याला पाठीवर घेतले आणि माहेरच्या बाजूने उतरली. तळकोंडचे लोक गोळा झाले. "जित्या म्हाताऱ्याला गिधाडांपुढं टाकता? केवढं पाप!" असे म्हणत त्यांनी त्याला पेज पाजली, घोंगडीवर तळ्याकाठी उन्हाला बसवले.

तिथे त्याला दिसले. एका तान्ह्या पोरीला हळद लावत होते. आई शेजारी उभी होती, डोळे कोरडे.

"हे काय चाललंय?" त्याने विचारले.

"काय न्हाई, आजा. दरसालचंच हाय," पुजारी म्हणाला.

हिरोजीने तो आवाज ओळखला. आपल्या बापाला नेताना तोही शेजाऱ्यांना याच आवाजात हेच म्हणाला होता. तो सरपटत गेला, पोरीला ओढून छातीशी धरले आणि पाण्यातल्या पायरीवर बसला.

"आता दोघांनाबी ढकला."

पोरीला ढकलायला हात तयार होते. म्हाताऱ्याला ढकलायला धजेनात. जित्या म्हाताऱ्याला टाकणे हे पाप, असे सकाळी तेच म्हणाले होते. ऊन कलले तरी कोणी हलले नाही. शेवटी आईच पाण्यात उतरली. तिने पोर मागून घेतली, आणि मग तिला रडू फुटले.

तळे त्या साली आटले नाही म्हणे. सुसरींनी लेकरू सोडले, ही बातमी खिंड ओलांडून आली, तेव्हा आमच्या लोकांना या कड्याकडे बघवेना. तेव्हापासून इथे कोणाला बसवले नाही.

आजही मार्गशीर्षात तळकोंडचे एक माणूस आमच्या घरोघरी येते, आमचे एक त्यांच्याकडे जाते. चुलीपासून गोठ्यापर्यंत हिंडते आणि बोट दाखवून विचारते, हे काय चाललंय? खरे ते सांगावे लागते. 'दरसालचंच' म्हणायचे नाही. ते माणूस उंबरा ओलांडते तेव्हा या वयातही मला घाम फुटतो. आपल्याला जन्मभर न दिसलेले त्याला काय दिसेल, सांगता येत नाही.