सातव्या जागेवरचा किल्लेदार

"...पण बाबा, मला फळी अशी हवी, की कुणालाही हरवेल."

"कुणाला?"

"कुणालाही."

मुक्तनाथबाबांनी मान डोलावली आणि ते समईत तेल घालू लागले.

हेरंब उंबऱ्यातच उभा राहिला. कातळगडाच्या सोंडेवर ही मठी आहे. इथे देव भेटतो की नाही याबद्दल खालच्या गावात दोन मतं आहेत. मोबाइलची रेंज मात्र फक्त उंबऱ्यात मिळते, याबद्दल एकमत आहे. त्यामुळे त्याला आतही जाता येईना आणि बाहेरही.

एरवी हा पोरगा कुणाला काही विचारायला जाणाऱ्यातला नव्हता. 'रणपट' नावाच्या मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात जिल्ह्यात त्याचा दबदबा होता. सात पत्ते निवडायचे, एकामागे एक उभे करायचे, ही झाली फळी. मग 'लढा' म्हणायचं आणि हात बांधून बघत बसायचं. पत्ते आपापले लढतात; पुढचा पडला की मागचा उतरतो. कुणाला पुढं ठेवावं, कुणाला मागं, हे विचारायला लोक हेरंबकडे यायचे. सांगताना तो असा आव आणायचा, की महाभारताचे व्यूह यानंच रचले असावेत.

आज मात्र त्याची पाचावर धारण बसली होती.

हंगामाची अखेरची फेरी होती. या फेरीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जोड्या खेळच लावतो. जो हरेल त्याच्या संचातला कोणताही एक पत्ता जिंकणाऱ्याचा होतो, कायमचा. दिवस बुडेपर्यंत जो फळी उतरवणार नाही, तो हरलाच. हेरंबच्या वाट्याला आलेल्या गड्यानं स्वतःचं नाव ठेवलं होतं 'निर्दय'. त्याला ओळखणारं कुणी सापडलं नाही. त्याच्या नावापुढं हरल्याची एकही नोंद नव्हती. ती ओळ हेरंबनं वाचली. तेव्हापासून त्याला घास गिळवत नव्हता.

बाबांकडे येण्याचं कारण जुनं होतं. एके काळी बुद्धिबळात त्यांना मात देणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. मग एक डाव जिंकून ते उठले, ते पुन्हा पटाशी बसले नाहीत. का, ते कुणाला माहीत नाही.

"भितोस कशाला?" बाबांनी विचारलं.

भीत नाही, असं हेरंब म्हणाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो, तो आपल्यापाठी लागायचा नाही, असंही वर म्हणाला.

बाहेर दरीतून वारा वर येत होता आणि सूर्य समोरच्या डोंगराला टेकायला आला होता.

"एक पत्ता आहे..." हेरंब शेवटी म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. पत्ता त्याच्या थोरल्या भावाचा होता, नाव 'किल्लेदार'. गिरीधरदादानं तो अगदी कच्चा असल्यापासून खेळवून खेळवून वाढवला होता. या खेळात पत्त्याला आपला आवाज देता येतो. पत्ता मैदानात उतरला की त्या आवाजात बोलतो. दादानं एका दुपारी जेवता जेवता, हेरंबची चेष्टा करत, किल्लेदाराला आपला आवाज दिला होता. पुढच्याच थंडीत घाटात त्याची मोटारसायकल घसरली. घरात त्याचे फोटो होते, कपडे होते. आवाज एवढाच उरला होता.

"काय म्हणतो तो?"

"'मागं हो, हेरू. मी आहे.'"

"आणि तू त्याला कुठं उभा केलायस?"

"सातव्या जागेवर. सगळ्यात मागं. पुढचे सहा टिकले, की त्याच्यावर पाळीच येत नाही."

"दादा गेल्यापासून ऐकलास?"

"नाही... तो उतरला तर पडेलसुद्धा, बाबा. त्याला पडताना मला बघवणार नाही."

बाबांनी उंबऱ्याशी येऊन हात पुढं केला. हेरंबला वाटलं, फळी बघतील, एखादा पत्ता बदलायला सांगतील. त्यानं फोन दिला.

तेलकट बोटानं बाबांनी पत्ते एकेक करून पाहिले. शेवटच्यावर बोट टेकवलं. तो पत्ता त्यांनी ओढत ओढत थेट पहिल्या जागेवर नेऊन ठेवला.

"बाबा, तिथं नको..."

बाबांनी 'लढा' दाबलं.

हेरंब उंबऱ्याशीच खाली बसला. फोन हिसकावून काही उपयोग नव्हता. लढाई एकदा सुरू झाली की ती थांबवणं कुणाच्याच हातात नसतं. बाबांनी फोन दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर ठेवला.

पडद्यावर धूळ उडाली. किल्लेदार पुढं आला.

'मागं हो, हेरू. मी आहे.'

आवाज तसाच होता. तोंडात घास असल्यासारखा, शेवटी थोडं हसू फुटलेला. हेरंबनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, पण बोटांच्या फटीतून तो बघत राहिला.

समोरचा पहिला पत्ता पडला. दुसऱ्यानं किल्लेदाराच्या खांद्यावर घाव घातला, तेव्हा हेरंब स्वतःच कळवळला. तिसरा, चौथा... प्रत्येक घावाला किल्लेदाराची ताकद दाखवणारी हिरवी पट्टी आखडत गेली. सहावा पडेपर्यंत ती दोऱ्याएवढी उरली होती. हेरंबला घाम फुटला होता आणि जिवाच्या आकांतानं तो एकच गोष्ट पुटपुटत होता, पडू नकोस, पडू नकोस.

आता निर्दयचा सातवा.

हाच तो, हेरंबला वाटलं. राक्षस मागं दडवून ठेवलेला असणार. तो गुडघ्यांवर उठला, मूठ वळली, आणि समोरचा पत्ता नीट दिसण्याआधीच ओरडला, "पाड त्याला, दादा!"

पत्ता उतरला. हातात पणती घेतलेली एक मुलगी होती. तिच्या अंगावरची झळाळी मात्र इतर सहांपैकी एकावरही नव्हती. कुणीतरी आपल्याजवळचं होतं नव्हतं ते सगळं त्या एका पत्त्यावर ओतलं होतं.

ती बोलली. आवाज लहान मुलीचा होता. मध्येच खोकला आला, मग ती हसली.

'पप्पा, मला पुढं ठेवा ना.'

किल्लेदाराचे घाव तोवर सुरू झाले होते आणि उलट मारायला तिच्या हातात पणतीखेरीज काही नव्हतं. पणती विझली.

पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली, 'विजय'. ती विरली आणि निर्दयचा संच उघडला. संच कसला, जेमतेम तेच सात पत्ते. वर नाव होतं आणि नावाशेजारी नोंदी. हरल्याची एकही नव्हती. त्याच्याखाली, जिंकल्याचीही एकही नव्हती. भीतीच्या भरात हेरंबनं तेवढी खालची ओळ वाचलीच नव्हती.

'एक पत्ता उचला,' खेळ सांगत होता. 'वेळेत न उचलल्यास सर्वांत बलवान पत्ता आपोआप तुमचा होईल.'

सर्वांत बलवान कोण, ते पाहायची गरज नव्हती.

हेरंबनं बोट पुढं नेलं. एका साध्या भालाईतावर ते अडखळलं. यातही कुणाचा आवाज तर नसेल? त्यानं बोट दुसऱ्या पत्त्यावर नेलं. मग तिसऱ्यावर. हे सहा तर नुसते पडले होते. उतरताना ते काही बोललेही असतील. किल्लेदाराची पट्टी बघण्याच्या नादात त्यानं त्यांच्याकडे कानच दिला नव्हता.

पडद्याच्या कडेला वेळ संपत चालली होती. कुठेतरी, याच घटकेला, कुणीतरी असाच श्वास रोखून बसलं असेल आणि निर्दय म्हणून ज्याला भीत असेल तो आपण असू, हे त्याच्या ध्यानात आलं. हंगामभरात कधी वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटली. जिंकल्यावर.

"बाबा..." त्यानं वर पाहिलं. "बाबा, पलीकडे कोण आहे?"

बाबांनी समईची वात सारली. उजेड थोडा वाढला.

"कुणीही."